मालनबाईच्या डोळ्यांसाठी कॅमेरा

जळबा खंदारे हिंगोलीच्या मोंढ्यात अठ्ठावीस वर्षं मापाडी होता. हळदीचं पोतं काट्यावर चढायच्या आधी तो त्यावर नुसता तळहात ठेवायचा आणि वजन सांगायचा. काटा मागून येऊन होकार द्यायचा. कधी काट्याचं आणि जळबाचं जमलं नाही, तर व्यापारी काटा दुरुस्तीला पाठवत. हळकुंड कानाजवळ मोडून तो आवाजावरून सांगायचा, की हे उकडताना चुलीपाशी दोन बाया भांडत होत्या. असा हा माणूस साठी ओलांडल्यावर, दोन हजार पाच सालच्या दिवाळीनंतर, तपकिरीच्या डबीएवढ्या यंत्रापुढं हरला, त्याची ही हकीकत.

आणि हरला तो बायकोच्या पापण्यांमुळं.

मालनबाईचा उघड्या डोळ्यांचा फोटो जगात नव्हता. लग्नातला एक होता, सदुसष्ट सालचा. त्यात डोळे मिटलेले, पण नवरी लाजली म्हणून लोकांनी उलट कौतुक केलं. पुढं बचत गटाच्या पुस्तकावर मिटलेले, मतदानाच्या ओळखपत्रावर मिटलेले. गावातली टवाळ पोरं म्हणत, मालनमावशी झोपेत मतदान करते. लेक ज्योतीच्या लग्नात फोटोवाल्यानं तिचे अकरा फोटो काढले आणि अकराही वेळा मालनबाई लेकीला डोळे मिटूनच निरोप देत होती.

त्या अकरांतला एक मुलगा रविंद्रनं मोठा करून, चौकटीत घालून आणला. रविंद्र औरंगाबादला कारकून. त्याला वाटलं, माय कशी शांत दिसते. त्यानं बाहेरच्या खोलीत खिळा ठोकला, फोटो टांगला आणि नोकरीवर निघून गेला. पोरं अशीच असतात, खिळा ठोकून जातात.

पुढं आश्विन पौर्णिमा आली. विहारात न्यायला जळबानं झेंडूचा हार आणला. घरात शेळी, आणि शेळीला झेंडू फार आवडायचा. म्हणून हार उंच ठेवणं भाग. उंच खिळा घरात एकच. हार गेला मालनबाईच्या चौकटीवर. खाली डासांसाठी उदबत्ती लावलेली होतीच. दोघं दार नुसतं लोटून सोयाबीन बघायला शेतात गेले.

इतक्यात गोपीचंद जीपवाला रेडिएटरला पाणी मागायला आला. सेनगाव ते हिंगोली हा त्याचा रस्ता, आणि त्या दिवशी औंढ्याचीही एक खेप होती. त्यानं दार ढकललं. समोर मालनबाई, डोळे मिटलेले, गळ्यात झेंडू, खाली उदबत्तीचा धूर. गोपीचंदनं डोक्याचा रुमाल काढला, हात जोडले आणि पाणी न मागताच जीप हाकली. वाटेत जो चढला त्याला सांगितलं, जो उतरला त्याला परत सांगितलं.

दिवेलागणीला जीप भरून माणसं आली. पुढं औंढ्याची मिराबाई, मालनबाईची चुलत बहीण. पुलापासूनच तिनं गळा काढला होता. दार उघडलं ते मालनबाईनंच. मिराबाईनं तिच्या गळ्यात हात टाकले आणि हंबरडा फोडला.

"मालन गेली वं माय."

मालनबाईही रडायला लागली. दारात बहीण रडून राहिली म्हणजे कोणी तरी गेलंच असणार, आणि नाव विचारायची ही वेळ नव्हे. दोघी चांगल्या रडल्या. मग मालनबाई चहा टाकायला आत गेली आणि साखरेचा डबा काढताना तिच्या ध्यानात आलं, की मालन आपलंच नाव.

बाहेर येऊन तिनं विचारलं, "मिराताई, म्या कवा गेले?"

मिराबाईनं डोळे पुसून तिच्याकडं नीट बघितलं. "गोपीचंद म्हणला सकाळीच गेली." मग जरा चिडून, "मंग सांगायचं न्हाई व्हय आधी? पुलापासून रडून राहिले मी."

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून मिराबाईनं कडू घास म्हणून पिठलं-भाकरी बांधून आणली होती. ती परत कशी न्यायची? मग सगळे जेवायला बसले. मालनबाईनं स्वतःचा कडू घास खाल्ला आणि मीठ कमी आहे म्हणाली.

हसायचं तेवढं हसून झालं. पण माणसं गेल्यावर मालनबाईनं फोटो उतरवला आणि पेटीत पालथा घातला. खिळा उघडा राहिला. त्या उघड्या खिळ्याकडं बोट दाखवून ती नवऱ्याला म्हणाली, "अवो, ऐका. या खिळ्यावर माझा डोळे उघडे असलेला फोटो लागंल, तवाच मी गयेला येईन. न्हाई तं तिथं बी कोणी असाच फोटो काढंल, आन गयेपासून हिंगोलीपावतर लोक रडत येतील."

आता ही गंमत नव्हती. गावच्या विहाराकडून सोळा जण डिसेंबरात बोधगयेला निघणार होते. जळबाचं आणि मालनबाईचं नाव यादीत वर होतं. तिथलं बोधीचं झाड जोडीनं बघायचं, हे जळबानं लग्नात बोललेलं, आणि त्याला अडतीस वर्षं होऊन गेली होती. कधी पाऊस, कधी बाळंतपण, कधी हळदीचा हंगाम. आता सगळं जमलं, तर खिळा आडवा आला.

जळबानं रविंद्रला फोन लावला.

"बाबा, डिजिटल कॅमेरा घ्या. रोजच्याला बी होतो, प्रवासाला बी होतो. रोल लागत न्हाई. पाच मेगापिक्सलचा बघा, आन झूम तीनपट."

"डोळे उघडतो का?"

"कोणाचे?"

"तुझ्या मायचे."

"पाच मेगापिक्सलमध्ये स्पष्ट दिसतील, बाबा."

"मिटलेले स्पष्ट दिसून काय करू?" म्हणून जळबानं फोन ठेवला.

हिंगोलीत स्टेशनच्या रस्त्याला अनिरुद्ध पाठकांचा फोटो स्टुडिओ. रोलचा धंदा बसत चालला तसे त्यांनी काचेच्या कपाटात चार डिजिटल कॅमेरे आणून ठेवले होते. जळबा मालनबाईला घेऊन मंगळवारच्या बाजारी तिथं गेला. पाठकांनी कपाट उघडलं. जळबानं पहिला कॅमेरा तळहातावर घेतला, डोळे किलकिले केले.

"एकशे सत्तर गिराम."

पाठकांनी शेजारच्या सोनाराकडं पाठवून वजन करून आणलं. एकशे बहात्तर भरलं.

"हातात अडकवायची दोरी धरली न्हाई म्या," जळबा म्हणाला.

मग त्यानं कॅमेरा कानाजवळ हलवला, वास घेतला, नखानं टकटक केलं. पाठक जुन्या वळणाचा सभ्य माणूस. जळबानं चावू नये म्हणून त्यांनी फक्त हात पुढं करून ठेवला.

"काका, हा पाच मेगापिक्सलचा, हा चारचा. आणि हा लांबचं जवळ ओढतो."

"माणूस जवळच बसलेलं हाय, ओढायचं काहून? याच्यात चपळ कोणचा ते सांगा."

"चपळ म्हणजे?"

"हिची पापणी आन याचं बटण. आधी कोण पोचतं?"

असा प्रश्न पाठकांना कंपनीच्या माणसानं शिकवलेला नव्हता. त्यांनी मालनबाईला स्टुलावर बसवलं, कॅमेरा डोळ्यापाशी नेला, बटण दाबलं. मागच्या काचेवर फोटो लगेच उमटला. डोळे मिटलेले. दुसरा कॅमेरा, मिटलेले. तिसरा, चौथा. न सांगता काढला, मिटलेले. हसवून काढला, हसत मिटलेले. कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवून पाठक बाजूला झाले आणि एक हात उंच करून "आजी, इकडं बघा" म्हणाले. आजींनी तिकडं बघितलं आणि डोळे मिटले.

शेजारचा चहावाला उद्धव गिऱ्हाईकं सोडून आला. "मावशी, उलटं करा. आधीच मिटून ठेवा, मी हाळी दिली की उघडा." मालनबाईनं मिटले. पाठकांनी हात उचलले. उद्धवनं हाळी दिली. मालनबाईनं डोळे उघडले ते पाठकांनी दमून हात खाली घेतल्यावर.

रोल लागत नाही याचा फायदा असा, की माणसाला थांबावं कुठं ते कळत नाही. दोन बाजार मिळून चौसष्ट फोटो झाले. चौसष्ट फोटो म्हणजे एकशे अठ्ठावीस डोळे, आणि सगळे मिटलेले. स्टुडिओपुढं माणसं जमायला लागली. एक जण म्हणाला, बाईंना डोळेच नसतील. त्यावर मालनबाईनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो सायकल घेऊन निघून गेला.

शेवटी पाठकांची लेक नीलांबरी आतून आली. ती कॉम्प्युटर शिकलेली. "आजोबा, मी डोळे उघडून देते," म्हणाली आणि तासाभरात चांगला हातभर फोटो छापून आणला. मालनबाई, तेच लुगडं, तीच नथ, आणि डोळे टक्क उघडे.

मालनबाईनं फोटो धरला, दूर नेला, जवळ आणला.

"हे डोळे माझे न्हाईत."

"नाहीत आजी," नीलांबरीनं कबूल केलं. "काल एक जण पासपोर्ट फोटो काढून गेले, त्यांचे मापात बसले."

"म्हंजे बाप्याचे?"

"हो."

"अवो," मालनबाई नवऱ्याला म्हणाली, "कोणी परका बाप्या माझ्या तोंडातून तुमच्याकडं बघून राहिला." आणि तिनं फोटो पिशवीत टाकला तो पालथा, म्हणजे त्याला बाहेरचं काही दिसू नये.

जळबा हरला तो इथं. चार कॅमेरे हातावरून गेले, वजन बराबर, आवाज बराबर, आणि एकही उपयोगाचा नाही. निघायला तेरा दिवस राहिले होते. तो सेनगावच्या एसटीत जाऊन बसला. मालनबाई खिडकीपाशी. गाडी सुटली, कंडक्टर तिकिटं फाडत आला, आणि मालनबाईनं नवऱ्याचं मनगट गच्च धरलं.

"अवो. माझे डोळे."

"काय झालं डोळ्यांला?"

"त्याला हाईत."

जळबानं बघितलं. कंडक्टरला खरंच ते डोळे होते, फोटोतले, टक्क. छातीवरच्या पट्टीवर नाव शेषराव. मालनबाई त्याच्याकडं एकटक बघायला लागली. माणसाला आपली हरवलेली म्हैस दुसऱ्याच्या गोठ्यात दिसावी, तसं.

शेषराव अवघडला. "आजी, तिकीट घेतलं ना?"

"घेतलं."

"मंग अशा काहून बघून राहिल्या?"

"बघू दे बापू, तुझं काय जातं?"

शेषरावनं डोक्यावरची दोरी ओढायला हात वर केला. टिंग. गाडी थांबली, माणसं उतरली. परत हात वर, टिंग टिंग, गाडी निघाली. जळबा बायकोकडं बघत होता, कारण बायको परक्या पुरुषाकडं इतकं बघते हे त्याला नवीन होतं. आणि त्याला दिसलं. शेषरावचा हात वर गेला की हिच्या पापण्या खाली. घंटी वाजायच्या आधीच. हात खाली आला की पापण्या वर. पुढचा थांबा, तेच. त्याच्या पुढचा, तेच. जणू ती दोरी गाडीत नाही, मालनबाईच्या पापण्यांनाच बांधलेली होती.

जळबानं सावकाश आपला हात टोपीकडं नेला. मालनबाईचे डोळे मिटले. टोपी सरळ केली, हात खाली घेतला. उघडले. परत टोपी. मिटले.

"तुमी टोपीला काय करून राहिले?" ती म्हणाली.

"रवीची माय, हात वर झाला की डोळे काहून मिटतेस?"

"मिटते? मी?" तिनं विचार केला. "मंग? तुमीच तं सांगितलं व्हतं."

"कवा?"

"खळ्यावर."

जळबाला आठवलं. लग्नाचं पहिलंच साल. ज्वारीचं खळं. तो तिपाईवर उभा राहून टोपलं डोक्यावर उचलून उपणायचा, आणि ती खाली बसून दाण्यांवरचं भूस झाडूनं सारायची. वारा फिरला आणि कुसळ तिच्या डोळ्यात गेलं. आठ दिवस डोळा लिंबाएवढा सुजला होता. नवव्या दिवशी डोळा उघडल्यावर जळबानं तिला बजावलं होतं, "माझे हात वर दिसले की डोळे मिटायचे. मी मिट म्हणंल न म्हणंल, तू मिटायचे. खाली आले की उघडायचे." मग मळणीयंत्र आलं, टोपलं माळ्यावर गेलं आणि जळबा ते विसरला. मालनबाई विसरली नव्हती. अडतीस वर्षं, जो कोणी समोर हात उचलेल त्याच्यापुढं, मग तो फोटोवाला असो की कंडक्टर, ती नवऱ्याचा शब्द पाळत होती. लग्नातल्या फोटोत तेवढी ती खरंच लाजली होती.

"सांगितलं व्हतं," जळबा हळूच म्हणाला. "पण खळ्यापुरतं."

"खळ्यापुरतं असं म्हणले न्हाईत तुमी."

जळबानं धोतराच्या टोकानं नाक पुसलं आणि उभा राहिला. "मास्तर, गाडी थांबवा. आमाला माघारी जायचं."

"तिकीट पुढच्या गावाचं हाय."

"असू द्या. कॅमेरा सापडला."

शेषरावला काही कळेना. तो मालनबाईला म्हणाला, "आजी, जाता जाता एवढं सांगा, माझ्या डोळ्यांत काय हाय?"

"काही न्हाई बापू. आज तासभर मी लावले व्हते." आणि तिनं पिशवीतून फोटो काढून दाखवला.

गाडी थांबलेली, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि शेषराव फोटो धरून उभा. बराच वेळ बघून तो म्हणाला, "आमची माय मी सहा वर्षांचा असताना गेली. तिचा फोटोच न्हाई. लोक म्हणतेत, तुझे डोळे मायवर गेले." त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "अशीच दिसत असंल. हा फोटो मला द्या."

"ने बापू. डोळे तुझेच हाईत," मालनबाई म्हणाली.

दोघं समोरून आलेल्या गाडीनं परत हिंगोलीला आले. पाठक कपाटाला कुलूप लावत होते.

"हात वर न करता फोटो काढणारा कॅमेरा पाहिजे," जळबा म्हणाला.

पाठकांनी किल्ली थांबवली. मग खालच्या खणातून धूळ बसलेला एक जाडजूड कॅमेरा काढला. त्याच्या मागची काच दारासारखी उघडायची आणि वर वळायची, म्हणजे कॅमेरा बेंबीपाशी धरून वरून बघता यायचं. "दोन वर्षं पडून आहे. लोक म्हणतात दार खिळखिळं होईल. तीनच मेगापिक्सल आहे, काका. आणि रेडिओच्या चार पेन्सिल सेलवर चालतो."

"रेडिओचे सेल गयेला बी भेटतेत," म्हणून जळबानं तो हातावर घेतला. "तीनशे पन्नास. दोरी धरून."

मालनबाई स्टुलावर बसली. जळबानं कॅमेरा पोटाशी धरला, दार उघडलं, मान खाली घातली. कोणी हात उचलला नाही. उद्धवनं तर चहाची किटली खाली ठेवून दोन्ही हात खिशात घातले. बटण दाबलं.

पासष्टावा फोटो. दोन डोळे, दोन्ही मालनबाईचे, दोन्ही उघडे.

पाठकांनी बघितला, नीलांबरीनं बघितला, सोनार तराजू घेऊन बघायला आला. मालनबाईनं सगळ्यांत शेवटी बघितला.

"नाकपुड्या लई दिसून राहिल्या."

"खालून काढला ना," जळबा म्हणाला.

"चालंल. नाकपुड्यांवरून कोणी रडत न्हाई."

रविंद्रला फोनवर तीन मेगापिक्सल ऐकून वाईट वाटलं. जळबा म्हणाला, "लेका, तिला मेगापिक्सल दिसत न्हाईत. हात दिसतेत."

फोटो खिळ्यावर लागला आणि दोघं गयेला गेली. झाड बघितलं. पण तिथं शेदोनशे माणसं, आणि प्रत्येकाचा कॅमेरा डोळ्यापुढं. हातच हात वर. मालनबाई झाडाखाली बसली आणि तिनं जे डोळे मिटले ते मिटले. अर्धा तास झाला. एक परदेशी बाई हळूच येऊन तिच्या शेजारी मांडी घालून बसली. मग आणखी सहा जणी. सगळ्यांनी डोळे मिटले. जळबानं पोटाशी कॅमेरा धरून फोटो काढला आणि वाकून म्हणाला, "रवीची माय, चल आता."

डोळे न उघडताच तिनं विचारलं, "खाली झाले का लोकांचे हात?"

"न्हाई."

"मंग थांबा."

जळबा तिच्या शेजारी बसून थांबला.

माघारी आल्यावर महिनाभरानं गोपीचंद दारात आला. जीप लांब उभी केलेली, रुमाल हातात. पाणी मागितलं. पाणी पिताना त्याची नजर खिळ्यावरच्या फोटोवर, मग मालनबाईवर, मग परत फोटोवर.

"मावशी, तुमी हाव ना?"

"हाव की."

"काल सेनगावात एका कंडक्टरच्या घरी गेलो व्हतो. तिथं तुमच्या फोटोला हार घातलेला. म्हणलं या बारीला आधी इचारून घ्यावं."

"ती मी न्हाई. ती शेषरावची माय."

गोपीचंदनं मान डोलावली, जसं काही त्याला सगळं समजलं. मग म्हणाला, "गयेचा फोटो लई चांगला आला म्हणतेत. दाखवा की."

मालनबाईनं पेटी उघडली. झाड, खाली आठ बाया, मधोमध ती, डोळे मिटून. गोपीचंदनं बघितला आणि नकळत हात जोडले.

"भिंतीला काहून न्हाई लावला मावशी?"

तिनं फोटो त्याच्या हातातून घेतला, पालथा करून पेटीत ठेवला, झाकण लावलं.

"तुझ्याकडं जीप हाय म्हणून."